शैक्षणिक कोंबडी

कोंबडी घरात आणण्यापूर्वी मी बायकोला विचारलं नव्हतं, असं जे आमच्या नातेवाइकांत पसरलं आहे ते साफ खोटं आहे. मी विचारलं होतं. ती तेव्हा मिक्सर चालवत होती, आणि मिक्सर चालू असताना मान हलली तर तो होकार धरायचा की मिक्सरचा हादरा, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. पण मान हलली होती. विमा कंपनीच्या दावे विभागात उभं आयुष्य काढलेला माणूस आहे मी. लेखी नाही, तर निदान मानेची संमती घेतल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही.

कंपनीने आमचा विभाग का बंद केला ते सांगत बसत नाही. सांगायला लागलो की माझा आवाज चढतो. मी घरी बसलो, एवढं पुरे. आता घरी बसलेला माणूस ही सार्वजनिक मालमत्ता असते. समोरच्या काकूंनी मला त्यांची भाजी आणायला पिटाळून माझी तब्येत सांभाळायचं ठरवलं. मुलीने मला मोबाइलवर काही तरी शिकवायला घेतलं आणि दोनच दिवसांत हात टेकले. आणि साडूने मला नोकरी देऊ केली.

साडू हा एक चमत्कारिक प्रकार आहे. तो आपण निवडलेला नसतो, आपल्या बायकोने निवडलेला नसतो, तिच्या बहिणीने निवडलेला असतो, आणि तरी जन्मभर आपली तुलना त्याच्याशीच होते. आमच्या साडूचं फरशांचं मोठं दुकान आहे. बाथरूमच्या, स्वयंपाकघराच्या, जिन्याच्या, सगळ्या फरशा. घरी आला की आधी आमच्या जमिनीकडे बघतो आणि हळूच सुस्कारा सोडतो. सगळे जेवायला बसले असताना तो मला म्हणाला, "गोदामावर एक भरवशाचा माणूस हवाच आहे मला. तुम्ही या. काम असं काही नाही. नुसतं बसायचं आणि ओरडायचं." हे त्याने अशा काही दयाळू आवाजात सांगितलं की मी हातातला घास परत ताटात ठेवला.

त्याच रात्री मी जाहीर केलं की मी प्राण्यांचा प्रशिक्षक होणार.

हा निर्णय रागाच्या भरात घेतलेला नव्हता. वर्तमानपत्रात मी एका संस्थेची जाहिरात बघून ठेवली होती. अंध माणसांना रस्ता दाखवणारी कुत्री, दवाखान्यात आजाऱ्यांना सोबत करणारी कुत्री, अशी कुत्री तिथे तयार होत, लोकांच्या घरच्या बिघडलेल्या कुत्र्यांना तिथे वळण लावलं जाई, आणि ती तयार करणारी माणसंही तिथेच तयार होत. अभ्यासक्रम, मग परीक्षा, आणि पास होणाऱ्यांतून एकाला तिथेच साहाय्यक प्रशिक्षकाची जागा. जनावरांना माझा लळा लागतो हे मला पहिल्यापासून माहीत होतं. आजवर मला एकही कुत्रा चावलेला नाही, हे मी बायकोला पुरावा म्हणून सांगितलं.

"चावेल कसा?" ती म्हणाली. "कुत्रा दिसला की तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडे जाता."

तरी ती तयार झाली. बायकोचा स्वभाव न्यायी आहे, आणि न्यायी माणसाइतकं धोकादायक कोणी नाही. तिने मला एकच अट घातली. "परीक्षा द्या. पास झालात आणि ती जागा मिळाली, तर मी कोणाचं काही ऐकून घेणार नाही. नाही मिळाली, तर दुसऱ्या दिवसापासून भाऊजींच्या गोदामात. तोंड वाकडं न करता." मी तोंड वाकडं न करता हो म्हणालो. तेवढा सराव तिथेच झाला.

पहिल्या दिवशी मी संस्थेत गेलो तो नवे बूट आणि जाड पँट घालून. कुत्रा अंगावर आलाच तर कापड चांगलं असावं. वर्गात आम्ही सगळे उमेदवार छाती पुढे काढून बसलो होतो. शिकवणाऱ्या मॅडम आल्या, बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, आणि त्यांच्यामागून एक माणूस पिंजरा घेऊन आला. पिंजऱ्यात कोंबड्या होत्या.

मला वाटलं, कुत्र्यांचं जेवण आलं.

"या तुमच्या शिक्षिका," मॅडम म्हणाल्या. "कुत्र्याला हात लावायच्या आधी कोंबडी शिकवायची, असा इथला शिरस्ता आहे. कारण कुत्रा चांगला असतो. तुम्ही चुकलात तरी सांभाळून घेतो, तुमच्या तोंडाकडे बघून अंदाज करतो. कोंबडीला तुमच्या तोंडाशी काही देणंघेणं नाही. ओरडलात, की ती निघून जाईल. लाडीगोडी लावलीत, तरी निघून जाईल. तुम्ही नेमकं जे शिकवाल तेच ती शिकेल, आणि तुम्ही काय शिकवलंत ते परीक्षेच्या दिवशी सगळ्यांना दिसेल."

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने एक कोंबडी घरी न्यायची होती. तिला शिकवायचं एवढंच, की जमिनीवर निरनिराळ्या रंगांच्या चकत्या मांडल्या की तिने फक्त लाल चकतीवर चोच मारावी. साधन म्हणून आम्हाला एकेक टिकटिकी मिळाली. लहान मुलं पत्र्याची वाजवतात ना, तीच. कोंबडीने बरोबर केलं की त्या क्षणी टक् करायचं, आणि टक् केलं की लगेच मक्याचा दाणा द्यायचा. चुकून टक् झालं तरी द्यायचाच. "टक् म्हणजे तुमचा शब्द," मॅडम म्हणाल्या. "शब्द दिला आणि दाणा दिला नाहीत, तर उद्यापासून ती तुम्हाला विचारणार नाही." मला हे फार आवडलं. विमा कंपनीत असं काही नव्हतं.

टोपलीत कोंबडी घेऊन मी लिफ्टमध्ये शिरलो तर आत समोरच्या काकू. त्यांनी टोपलीत डोकावून बघितलं आणि लगेच सल्ला द्यायला सुरुवात केली. तिला बाल्कनीत ठेवू नका, वारा लागतो. न्हाणीघरात ठेवू नका, ओल लागते. तिला रेडिओ लावून द्या, एकटेपणा वाटत नाही. "आणि अंडी दिली तर?" मी विचारलं. "ती मी बघते," काकू म्हणाल्या.

घरी मी टोपली उघडली. कोंबडी बाहेर आली, हॉलभर फिरली, सोफ्याखाली डोकावली, स्वयंपाकघराच्या दारातून आत एक नजर टाकली आणि परत आली. भाड्याने जागा बघायला आलेल्या बाईसारखी. बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. "बाईसाहेबांना पसंत पडलेली दिसत नाही," ती म्हणाली. तेव्हापासून कोंबडीचं नाव बाईसाहेब.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस आली. आमचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्तीनंतर सोसायटीवर जगणारे गृहस्थ. जिन्यात बल्ब गेला तर त्यांना भरून येतं. नोटिशीत लिहिलं होतं की, पालिकेची नोंद असलेला प्राणी ठेवण्यास हरकत नाही. नोंद नसल्यास प्राणी ताबडतोब हलवावा. आता आली का पंचाईत! परीक्षा महिन्यावर, आणि कोंबडी गेली की परीक्षा गेली. परीक्षा गेली की गोदाम.

मी पालिकेच्या कचेरीत गेलो. पाळीव प्राण्यांच्या खिडकीवरचे कारकून म्हणाले, "कुत्रा की मांजर?"

"कोंबडी."

"कोंबडी पाळीवमध्ये येत नाही. पोल्ट्रीत जा."

पोल्ट्रीची खिडकी वरच्या मजल्यावर होती. तिथल्या साहेबांनी विचारलं, "किती पक्षी?"

"एक."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "एका कोंबडीची पोल्ट्री होत नाही हो. निदान शंभर तरी आणा."

"आणल्या तर परवानगी मिळेल?"

"कशी मिळेल? तुम्ही राहता वस्तीत."

म्हणजे एक असल्यामुळे मिळत नव्हती आणि शंभर आणल्या असत्या तरी मिळणार नव्हती. दावे विभागात आम्ही लोकांना अशाच पेचात पकडत होतो. पण दुसऱ्याची कारागिरी बघून कौतुक करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मी तिथेच उभा राहिलो. उभ्या माणसाचा साहेबांना त्रास होतो, हे मला अनुभवाने माहीत आहे. शेवटी ते वैतागून म्हणाले, "पण तुम्ही तिचं करता काय?"

"शिकवतो," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी मला शिक्षण विभागात पाठवलं. तिथल्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी प्रथम "विद्यार्थ्याचं वय?" असं विचारलं खरं, पण सगळी हकिगत ऐकल्यावर त्यांनी पुष्कळ पानं उलटून एक मार्ग काढला. बाईसाहेबांची नोंद 'शैक्षणिक साहित्य' या सदरात झाली. नोंदवहीत त्यांच्या वर पृथ्वीचा गोल होता आणि खाली मानवी सांगाडा, प्लॅस्टिकचा. शिक्का मारून झाल्यावर बाईंनी मला बजावलं, "साहित्याची मोडतोड झाल्यास कळवा."

कागद मिळाला, पण कोंबडी शिकेना. खरं सांगायचं तर कोंबडी शिकत होती, मीच शिकत नव्हतो. चकत्या मांडून मी जमिनीवर पालथा पडायचो. बाईसाहेब निळ्या चकतीवर चोच मारत. हे चूक, मी मनात म्हणायचो. पिवळीवर मारत. हेही चूक. मग लालवर मारत, आणि मी पुढच्या चुकीची वाट बघत असल्यामुळे ते माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागे. तोवर त्या मान वळवून माझ्याकडे बघत, आणि तेव्हा माझं टक् वाजे. ज्या माणसाला आयुष्यभर लोकांच्या अर्जांत खोट काढण्याचा पगार मिळाला, त्याचा हात बरोबर गोष्टीला वर जायचा म्हणजे सांध्याला तेल घालायला हवं. मॅडम पाहणीला आल्या तेव्हा दोन मिनिटांत त्यांच्या हे लक्षात आलं. "तुम्ही चुका फार छान बघता," त्या म्हणाल्या. "पण त्या कोणीही बघतं. बरोबर झालेलं फार थोडा वेळ टिकतं, ते पकडा."

परिणाम असा झाला की बाईसाहेब लाल चकतीवर चोच मारायच्या आणि मग सावकाश मान फिरवून माझ्याकडे तुच्छतेने बघायच्या. त्यांना वाटत होतं, हेही अभ्यासक्रमात आहे.

"बाबा," मुलगी म्हणाली, "ती अगदी आईसारखी बघते तुझ्याकडे."

लाल रंगाचं मात्र पक्कं झालं. इतकं पक्कं, की घरात लाल वस्तू ठेवायची सोय राहिली नाही. काकू एकदा चपला काढून आत आल्या आणि त्यांच्या पायाच्या नखांना लाल नेलपॉलिश होतं. काकूंचं वय आणि त्यांची उडी यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. सोफ्यावरून उतरायला त्या तयार नव्हत्या, आणि मला टक् करून दाणे द्यावे लागत होते, कारण चोच बरोबर रंगावर पडत होती. "अहो, तुम्ही तिला बक्षीस काय देताय!" काकू ओरडल्या. आता त्यांना तत्त्व कसं समजावणार? त्यांनी आठवडाभर मला भाजी आणायला सांगितली नाही. हा एक फायदा झाला.

पण खरा घोटाळा लिफ्टमध्ये झाला. मॅडमनी सांगितलं होतं की कोंबडीला नव्या नव्या जागांची सवय करा. म्हणून मी बाईसाहेबांना काखेत धरून लिफ्टने खाली निघालो. खालच्या मजल्यावर सेक्रेटरी आत आले. नमस्कार-चमत्कार होतात न होतात तोच बाईसाहेबांनी मान लांब केली आणि भिंतीवरच्या लाल बटणावर चोच मारली. घंटा ठणाणली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. त्या क्षणी माझ्या हाताने, इतके दिवस जे जमत नव्हतं ते, अगदी वेळेवर टक् केलं.

लिफ्टवाला येईपर्यंत आम्ही तिघं आत होतो. बाहेर पडल्यावर सेक्रेटरी एवढंच म्हणाले, "संध्याकाळी पाहणीला येतो."

ते आले तेव्हा हातात फाइल आणि दाबायचं बॉलपेन होतं. पालिकेचा कागद होता, तरी कोंबडी सोसायटीत राहील की जाईल हे आता त्यांच्या एका सहीवर होतं. बायकोने चहा ठेवला. मी जास्तीत जास्त सालस दिसणारा शर्ट घातला होता. सेक्रेटरी बूट न काढताच खुर्चीत बसले, पायावर पाय टाकला, आणि त्यांच्या सवयीप्रमाणे बोलता बोलता पेनाचं बटण दाबू लागले.

टक्.

बाईसाहेब त्या वेळी त्यांच्या बुटाजवळून जात होत्या. त्या थबकल्या आणि माझ्याकडे बघितलं. टक् म्हणजे शब्द! शब्द माझा नव्हता, सेक्रेटरींचा होता, पण कोंबडीला कोणाच्या पेनात काय आहे हे काय ठाऊक? मी मुकाट्याने एक दाणा टाकला, बुटाजवळच. सेक्रेटरी म्हणाले, "मुद्दा असा आहे की," टक्, "सोसायटी ही," टक्, "एक कुटुंब आहे." मी दाणे टाकत राहिलो. प्रत्येक टक्‌बरोबर बाईसाहेब बुटाच्या आणखी जवळ जात होत्या. एक पाय बुटावर आला. टक्. दोन्ही पाय बुटावर. टक्, टक्. नियमावलीचं शेवटचं कलम येईपर्यंत त्या सेक्रेटरींच्या बुटावर पंख मिटून आरामात बसल्या होत्या आणि डोळे अर्धवट मिटून त्यांचं भाषण ऐकत होत्या.

सेक्रेटरी बोलायचे थांबले. खाली बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काही तरी पसरलं.

"मुक्या जिवाला माणूस कळतो हो," ते हळू आवाजात म्हणाले. "आमच्या घरात कोणी माझ्याजवळ येऊन बसत नाही."

त्यांनी सही केली. आता मी त्यांना सांगायला हवं होतं का, की हा तुमच्या पेनाचा पराक्रम आहे? माझ्या जागी तुम्ही असता तर सांगितलं असतं? मी नाही सांगितलं. सही झाली, परीक्षा वाचली, गोदाम लांबलं, म्हणून मी खूश होतो. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरून येताना सेक्रेटरी पुन्हा आले, बुटाला पॉलिश करून. "सहज डोकावलो," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशीही सहज डोकावले. रोज पेन, रोज टक्, रोज माझे दाणे. मी त्यांना टोपणाचं सुंदर पेन भेट दिलं. त्यांनी ते खिशाला लावलं आणि पहिलं पेन दाबत माझे आभार मानले. येऊ नका म्हणायची सोय नव्हती, सही त्यांची होती. दाणा चुकवायचीही सोय नव्हती, कोंबडीच्या लेखी शब्द माझा होता. सकाळी मी शिकवलेलं संध्याकाळी सेक्रेटरी पुसून काढत होते, आणि शिकवण्यात ते माझ्यापेक्षा कितीतरी सरस होते, हे मला रोज बघावं लागत होतं. आपण काही शिकवत आहोत याची त्यांना कल्पनाही नव्हती, हे तर सगळ्यात लागणारं.

परीक्षेला साडू आपली गाडी घेऊन आला. "म्हटलं, अशा वेळी आपलं माणूस सोबत असावं," तो म्हणाला. बाईसाहेबांची टोपली त्याने डिकीत ठेवायला सांगितली. बायकोने ती मांडीवर घेतली. सबंध रस्ता साडू मला गोदामातल्या पंख्याचं वर्णन सांगत होता. नवा पंखा बसवला होता म्हणे, माझ्यासाठी.

संस्थेच्या मोठ्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या होत्या आणि मधोमध चकत्या. मॅडमच्या शेजारी बाहेरून बोलावलेले परीक्षक बसले होते, पोलिसांची कुत्री तयार करण्यात केस पिकलेले. त्यांचा आवाज असा होता की पहिल्या उमेदवाराने स्वतःच खाली बसायला सुरुवात केली. आणि त्यांच्या पायात मोठे, तपकिरी, चकचकीत बूट होते.

ते बूट बघितल्याबरोबर काय होणार ते मला कळलं.

माझी पाळी आली. मी टोपली उघडली. बाईसाहेब बाहेर आल्या, चकत्यांकडे बघितलंही नाही, खोली ओलांडून सरळ परीक्षकांकडे गेल्या, उजव्या बुटावर चढल्या आणि पंख मिटून बसल्या. खोलीत कोणीतरी फिसकन हसलं. तो साडू होता.

"हे काय आहे?" परीक्षकांनी विचारलं. पाय मात्र त्यांनी हलवला नाही.

"आमचे सेक्रेटरी," मी म्हणालो. याहून थोडक्यात मला सांगता येईना.

"काढा तिला."

उचलून टोपलीत टाकता आली असती. पण ती परत तिथेच गेली असती. दटावणं शक्य नव्हतं. घड्याळ चालू होतं, लाल चकती तिथे पडली होती, आणि तिच्याकडे बघण्यात काही अर्थ नव्हता. मी पोटावर पडून बुटाच्या पातळीला आलो. नवी जाड पँट त्या दिवशी प्रथमच उपयोगी पडली. आता बाईसाहेबांची चूक बघायची नव्हती. चूक तर बुटावर समोरच बसली होती. बरोबर काय होतं? मी वाट बघितली. मागे कोणी तरी खोकलं, साडू बायकोच्या कानात काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. आणि बाईसाहेबांनी उगीचच, बसून पाय अवघडल्यासारखा, एक नख बुटावरून उचललं.

टक्.

दाणा मी बुटापासून वीतभर लांब टाकला. त्या उतरल्या, खाल्ला, परत चढल्या. मी पुन्हा वाट बघितली. पुन्हा नख. टक्. या वेळी दाणा आणखी लांब. पुन्हा चढल्या, पण अर्ध्याच. एक पाय जमिनीवर. टक्! तो आवाज माझ्या हातातून निघतोय हे मला कळतही नव्हतं. दोन्ही पाय जमिनीवर आले. टक्. परीक्षकांनी मुद्दाम बूट हलवून दाखवला. बाईसाहेबांनी बुटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बुटाकडे पाठ फिरवून चालत माझ्यापाशी आल्या. माझ्या नाकासमोर उभ्या राहिल्या. मला इतका आनंद झाला होता की मी परीक्षा विसरलो होतो.

"वेळ संपली," परीक्षक म्हणाले.

लाल चकतीला चोच लागलीच नव्हती. मी उठलो, गुडघे झटकले. मॅडम काही लिहीत होत्या. साडू पुढे आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. सोमवारपासून या." बायकोने बाईसाहेबांना उचलून पोटाशी धरलं होतं आणि ती जमिनीकडे बघत होती. तिला माझ्यापेक्षा जास्त लागलं होतं. माझं तोंड वाकडं झालं की नाही ते मला माहीत नाही. ठेवायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी प्रयत्न करत होतो.

आम्ही दारापर्यंत गेलो होतो, तेवढ्यात मॅडमनी हाक मारली. साडूला वाटलं, कोंबडी परत मागतील. परीक्षक उभे होते आणि स्वतःच्या बुटाकडे बघत होते.

"चकतीत तुम्ही नापास आहात," मॅडम म्हणाल्या. "त्यात काही वाद नाही."

"नाही," मी म्हणालो. नापास अर्ज मला समजतो.

"पण इथे येणारं कुत्रं कोरं नसतं हो," परीक्षक म्हणाले. "घरातल्या माणसांनी आधी बिघडवून ठेवलेलं असतं. शिकवणारे आज पुष्कळ दिसले. बिघडलेलं सोडवताना मी आज एकालाच बघितलं, आणि ते माझ्या बुटावर."

चकतीचा नियम बाजूला ठेवून मॅडमनी ती जागा मला दिली. बायकोने तिथेच, सगळ्यांसमोर, माझा हात धरला. इतक्या वर्षांत तिने असं चारचौघांत कधी केलं नव्हतं, आणि मला गुदगुल्या झाल्यासारखं हसू येऊ लागलं. बाईसाहेबांना मात्र मी दुसऱ्याच दिवशी संस्थेत पोचवलं. पुढच्या तुकडीसाठी त्या लागणार होत्या. सेक्रेटरींना हे सांगणं ही माझ्या नव्या नोकरीतली पहिली अवघड कामगिरी होती. आता ते दर बुधवारी पेन घेऊन संस्थेत जातात, आणि मॅडम त्यांना आनंदाने येऊ देतात.

मला काम मिळालं ते मालकांच्या वर्गाचं. कुत्र्यांबरोबर त्यांच्या मालकांनाही वळण लावायचं असतं, आणि त्यात मालकांचंच जास्त असतं, हे कोणी बाहेर सांगत नाही. एका रविवारी मी वर्गात गेलो तर रांगेच्या शेवटी आमचा साडू उभा होता. हातात जाड दोरी, दोरीला एक थोराड कुत्रा. गोदामावर भरवशाचा माणूस मिळाला नाही म्हणून त्याने कुत्रा ठेवला होता, आणि कुत्रा येईल त्या गिऱ्हाइकाच्या छातीवर पाय ठेवून तोंड चाटत होता. फरशांच्या धंद्याला हे बाधत होतं.

"तुम्ही आहात होय इथे," साडू म्हणाला. हे त्याला चांगलं माहीत होतं. मग कुत्र्याला म्हणाला, "बस! बस! अरे बस म्हणतो ना!" कुत्रा उभाच. साडूने दोरी ओढली, कुत्र्याने साडूला ओढलं. साडू लालबुंद झाला. बाकीचे मालक बघत होते. ती माझ्या आयुष्यातली अत्यंत सुखाची घटका होती, आणि ती लांबवावी असा मोह मला झाला हे कबूल करतो. साडूच्या चुका मी लग्न झाल्यापासून मोजत आलो आहे, त्या वेळीही मला एकदम सात-आठ दिसल्या. पण चुका कोणीही बघतं. मी काही बरोबर होण्याची वाट बघत उभा राहिलो.

साडू दमला. त्याने ओरडणं थांबवलं, एक मोठा श्वास सोडला, आणि त्याचा दोरीवरचा हात अगदी सहज सैल पडला. दोरी सैल पडल्याबरोबर कुत्रा खाली बसला.

"हे!" मी म्हणालो. "हे आत्ता केलंत ना, साडूभाऊ, ते अगदी बरोबर केलंत."

साडूने मागे वळून बघितलं. त्याला वाटलं, मी दुसऱ्या कोणाला म्हणतोय. मग त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं, आणि इतक्या मोठ्या दुकानाचा तो मालक कानापर्यंत लाजला.

"खरंच?" तो म्हणाला. "परत करून दाखवू?"